खिशातलं लिनक्स, दुसऱ्याच्या मशीनला धक्का न लावता

मी अक्षरजुळणीचं काम करते. पुण्यात कर्वेनगरला घरी माझा लॅपटॉप आहे, पण ऑगस्ट उजाडला की दिवाळी अंकांची कामं सुरू होतात आणि शेवटच्या प्रुफांच्या वेळी नारायण पेठेत नाहीतर धायरीला छापखान्यात जाऊन बसावं लागतं. संपादक शेजारी खुर्ची ओढून बसणार, 'हा परिच्छेद वर घ्या, ती ओळ खाली ढकला' म्हणणार, आणि ते तिथल्या तिथे करून द्यायचं. छापखान्याच्या मशीनवर माझे फॉण्ट नसतात, कळफलक दुसराच लावलेला असतो आणि डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर'च्या रांगा लागलेल्या असतात. त्यातलं कुठलं उघडावं आणि कुठल्यात व्हायरस बसलाय, हे मालकालाही माहीत नसतं.

म्हणून मी ऑपरेटिंग सिस्टीमच पर्समधून नेते. ५०० जीबीची एसएसडी, तिच्यावर लिनक्स मिंट, माझे फॉण्ट, माझी सेटिंग. तिथलं मशीन बंद करायचं, ड्राइव्ह लावायचा, चालू करायचं, की समोर माझाच डेस्कटॉप. काम झालं की ड्राइव्ह काढायचा. त्यांचं विंडोज होतं तसंच राहतं.

या शेवटच्या वाक्यासाठीच हा सगळा लेख आहे. बाहेरच्या ड्राइव्हवर लिनक्स टाकणं अवघड नाही, 'नेक्स्ट नेक्स्ट' करत कोणीही टाकेल. पण ते ज्या मशीनवरून टाकलं त्याच्या बूटमध्ये, म्हणजे सुरू होण्यात, गडबड करणार नाही आणि नंतर ज्या-ज्या मशीनला लावाल तिथे काही मागे सोडणार नाही, यासाठी दोन-तीन गोष्टी मुद्दाम कराव्या लागतात. इन्स्टॉलर त्या स्वतःहून करत नाही आणि सांगतही नाही.

हे कोणाच्या कामाचं नाही, ते आधीच सांगते. इनडिझाइनशिवाय तुमचं पान हलत नसेल तर लिनक्सच्या नादी लागू नका, ते इथे चालत नाही. माझी पानं स्क्रायबस आणि लिब्रेऑफिसवर लागतात, म्हणून माझं भागतं. विंडोजच बाहेरच्या ड्राइव्हवर हवं असेल तर मायक्रोसॉफ्टने त्यासाठीची 'विंडोज टू गो' ही सोय २०२० मध्ये विंडोज १० मधून काढून टाकली. रूफस नावाचा प्रोग्रॅम वापरून अजूनही तसा ड्राइव्ह बनतो, पण तो वेगळा विषय. ॲपलच्या एम मालिकेतल्या चिपवाल्या मॅकवर हा ड्राइव्ह चालणार नाही. यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करायची हल्लीची पद्धत, नसलेल्या खूप जुन्या मशीनवरही नाही. बाकी बहुतेक ठिकाणी चालतो. उलट १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपल्यावर, विंडोज ११ ने दारातून परत पाठवलेली जी मशीन छापखान्यांत पडून आहेत, त्यांच्यावर तर छानच चालतो.

सामान

एसएसडी हवी, पेनड्राइव्ह नको. पेनड्राइव्हवर मोठी फाइल कॉपी करताना वेग बरा वाटतो, पण ऑपरेटिंग सिस्टीम सतत बारीक बारीक फाइली लिहीत-वाचत असते आणि तिथे पेनड्राइव्ह गुडघे टेकतो. फायरफॉक्स उघडायला क्लिक करून चहा टाकायला जावं लागेल. शिवाय तापतो आणि लवकर मरतो.

जुन्या लॅपटॉपमधून काढलेली अडीच इंची साटा एसएसडी असेल तर तीच वापरा. तापकीर गल्लीत तिच्यासाठी केसिंग, म्हणजे यूएसबीला जोडायची डबी, मिळतं. एम.२ पट्टी असेल तर केसिंग घेताना ती पट्टी सोबत न्या. एम.२ मध्ये साटा (जुना) आणि एनव्हीएमई (नवा, वेगवान) असे दोन प्रकार येतात आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. साटाच्या पट्टीला सोनेरी टोकाशी बहुतेक वेळा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुतेक वेळा एक. एनव्हीएमईच्या केसिंगमध्ये साटा पट्टी घुसली तरी चालत नाही, दोन्ही चालणारं वेगळं केसिंग मिळतं. 'बसतंय ना ताई, मग चालेल' यावर विश्वास ठेवू नका, तिथेच लावून दाखवा म्हणा.

केबलकडे कोणी बघत नाही. मोबाईलच्या चार्जरबरोबर आलेली टाइप-सी केबल दिसायला तशीच असते, पण त्यातल्या बहुतेक यूएसबी २ च्या असतात, म्हणजे ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात सेकंदाला पस्तीस-चाळीस एमबी मिळाले तर नशीब. यूएसबी ३ च्या केबलने आणि पोर्टने ५ गिगाबिट मिळतात आणि साटा एसएसडी सेकंदाला चारशेच्या आसपास एमबी सहज देते. केसिंगबरोबर आलेलीच केबल वापरा आणि तिला रंगीत दोरा बांधून ठेवा, नाहीतर घरातलं कोणीतरी फोन चार्ज करायला नेतं.

याशिवाय आठ जीबीचा एक साधा पेनड्राइव्ह लागेल, फक्त इन्स्टॉल करण्यापुरता.

डाउनलोड

मी लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती वापरते. मिंट २२ उबंटू २४.०४ वर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. इन्स्टॉलची आयएसओ फाइल तीन जीबीच्या आसपास असते. उतरवून झाल्यावर तिची शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा क्रमांक, मिंटच्या साइटवर दिलेल्या बेरजेशी ताडून पाहा. विंडोजमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने ती काढता येते. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे इन्स्टॉल मध्येच अडकण्याचे प्रकार फार होतात आणि लोक एसएसडीला शिव्या घालत बसतात.

मग बलेना एचर किंवा रूफसने ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं, त्यामुळे मुलांच्या गॅदरिंगचे फोटो आधी काढून घ्या.

इन्स्टॉल नेहमी आपल्या मशीनवर करा, छापखान्याच्या नाही. विंडोजला बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, लावलेलं असेल, आणि हल्ली नव्या लॅपटॉपवर ते न विचारता लागलेलं असतं, तर काहीही करण्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून रिकव्हरी की काढून कागदावर लिहून ठेवा. ४८ आकडी असते. बूटच्या सेटिंगला हात लागला की विंडोज पुढच्या वेळी ती मागू शकतं, आणि तेव्हा ती त्याच बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये सेव्ह केलेली असून उपयोग नाही.

आतली डिस्क बाजूला करा

खरी गोम इथे आहे. यूईएफआय मशीन चालू होताना डिस्कवरचा एक छोटासा फॅट३२ विभाग शोधतं. त्याला ईएफआय सिस्टीम पार्टिशन म्हणतात, पुढे मी नुसतं ईएसपी म्हणेन. बूट करणाऱ्या फाइली त्यात असतात. तुमच्या लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर विंडोजने असा एक आधीच केलेला असतो, १०० किंवा २६० एमबीचा.

मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये 'बूट लोडर कुठे टाकू' असं विचारणारा रकाना आहे. तिथे तुम्ही बाहेरची एसएसडी निवडता आणि निर्धास्त होता. यूईएफआय मशीनवर इन्स्टॉलर त्या रकान्याला धूप घालत नाही. आतल्या डिस्कवरचा ईएसपी दिसला की बूटच्या फाइली तो तिथेच टाकतो. फार जुना, सगळ्यांना माहीत असलेला दोष आहे. परिणाम असा की लिनक्स बाहेरच्या एसएसडीवर आणि त्याची किल्ली लॅपटॉपच्या पोटात. घरी सगळं झकास चालतं. छापखान्यात गेल्यावर ड्राइव्ह लागतच नाही, कारण किल्ली कर्वेनगरला राहिलेली असते.

उपाय एकच: इन्स्टॉल करताना आतला ईएसपी इन्स्टॉलरला दिसताच कामा नये. त्याच्या वाटा तीन.

डेस्कटॉप असेल तर बंद करून, वायर काढून, आतल्या डिस्कची साटा केबल उपसा. लॅपटॉपचं खालचं झाकण स्वतः उघडायची सवय असेल तर एनव्हीएमईचा एक स्क्रू काढून पट्टी बाहेर ठेवा. माझ्या मते हाच उत्तम मार्ग. डिस्कच नाही म्हटल्यावर चुकून पुसली जायचीही भीती नाही. काही मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, आतली डिस्क बंद करायची सोय असते, ती असेल तर स्क्रूड्रायव्हरही नको.

लॅपटॉप वॉरंटीत असेल किंवा उघडायचं धाडस नसेल तर डिस्कचे विभाग हाताळणारा जीपार्टेड हा प्रोग्रॅम वापरा. मिंटच्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारा) डेस्कटॉप सुरू झाला की मेन्यूत ते असतंच. वर उजवीकडच्या यादीतून आतली डिस्क निवडा, तो छोटा फॅट३२ विभाग शोधा, राइट क्लिक करून 'मॅनेज फ्लॅग्ज' उघडा आणि 'ईएसपी'ची खूण काढा. 'बूट'ची खूण तिच्याबरोबर आपोआप जाते. विभागातल्या फाइलींना काही होत नाही, फक्त पाटी उतरवली जाते. इन्स्टॉल झालं की लगेच रिस्टार्ट न करता 'कंटिन्यू टेस्टिंग' म्हणा, पुन्हा जीपार्टेडमध्ये जाऊन ती खूण परत लावा आणि मगच मशीन बंद करा. हे एका कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवून ठेवा.

तिसरी वाट व्हर्च्युअलबॉक्सची, म्हणजे मशीनच्या आत खोटं मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमची. विंडोजमध्ये एक व्हर्च्युअल मशीन करायचं, त्याच्या सेटिंगमध्ये ईएफआय चालू करायचं, आयएसओ फाइल लावायची आणि एसएसडी यूएसबीतून आत सोडायची. त्या मशीनला तुमची आतली डिस्क दिसतच नाही, त्यामुळे प्रश्नच मिटतो. वेळ जास्त लागतो आणि निदान आठ जीबी रॅम हवी. पण घरातल्या एकुलत्या एका लॅपटॉपवर मुलाचं ऑनलाइन सबमिशन अडकलं असेल तर हाच शहाणपणाचा मार्ग.

प्रत्यक्ष इन्स्टॉल

गुरुवारी करू नका. महावितरणची देखभालीची कामं पुण्यात बहुतेक गुरुवारी निघतात आणि अर्ध्यात लाइट गेली तर डेस्कटॉपवाल्यांना पहिल्यापासून सुरुवात.

पेनड्राइव्ह आणि एसएसडी दोन्ही लावा. डेस्कटॉपला मागच्या बाजूच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टची आतली वायर बऱ्याचदा ढिली असते. पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झालं की डेस्कटॉपवर इन्स्टॉलचं चिन्ह दिसेल. भाषा, कळफलक, पुढे. मल्टिमीडिया कोडेकची खूण लावायला हरकत नाही, मी ते नंतर करते. तिथेच सिक्युअर बूटसाठी (सही नसलेल्या फाइलींवरून मशीन सुरू होऊ न देणारी सोय) पासवर्ड मागितला तर थांबा आणि कोडेकची खूण काढून टाका. बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर सही करून घेण्यासाठी तो असतो, आणि ती सही त्या-त्या मशीनच्या बोर्डवर नोंदवावी लागते. दर मशीनवर नोंद करत फिरायचं हा आपला उद्देशच नाही. म्हणून फिरत्या ड्राइव्हवर एनव्हिडियाचा खास ड्रायव्हर टाकू नका. मिंटबरोबर येणारा साधा ड्रायव्हर पानं लावायला पुरेसा आहे.

मग येतो 'इरेज डिस्क' हा भीतीदायक पर्याय. आतली डिस्क खरोखर काढून ठेवली असेल तर हाच घ्या. 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन एलव्हीएम आणि एन्क्रिप्शनची खूण लावा. बाहेर न्यायच्या ड्राइव्हला एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणं, हवंच. पीएमपीच्या बसच्या गर्दीत पर्स कापली गेली तर एसएसडी दुसरी घेता येईल, पण कुणाची अप्रकाशित कादंबरी भलत्याच्या हातात पडली तर त्या लेखकाला काय तोंड दाखवणार? एन्क्रिप्शनचा पासवर्ड रोमन अक्षरांत आणि साध्या आकड्यांत ठेवा. तो विचारला जातो तेव्हा तुमचा मराठी कळफलक जागा झालेला नसतो.

जीपार्टेडवाल्यांना मात्र आतली डिस्कही यादीत दिसेल, तेव्हा डोळे उघडे ठेवा. नावावर जाऊ नका. तिथे एसएसडीच्या कंपनीचं नाव दिसेलच असं नाही. केसिंगमधल्या चिपचं, म्हणजे जेमायक्रॉन किंवा एएसमीडिया असं काहीतरी दिसू शकतं. आकार बघा. ५०० जीबीची एसएसडी इन्स्टॉलरमध्ये ५००.१ जीबी दिसते आणि तीच जीपार्टेडमध्ये ४६५.७६ दिसते, कारण एक हजाराच्या पटीत मोजतो आणि दुसरा १०२४ च्या. चोरी झालेली नाही. आतली डिस्क एनव्हीएमई असेल तर तिचं नाव 'एनव्हीएमई'ने सुरू होतं आणि यूएसबीवरच्यांचं 'एसडी'ने, त्यामुळे ओळखणं सोपं. आतली डिस्कही साटा असेल आणि नेमकी ५०० जीबीचीच, तर सरळ झाकण उघडा. दोन सारख्या डिस्कांतून अंदाजाने एक पुसायची नसते.

बाकी टाइमझोनला कोलकाता निवडा, नाव-पासवर्ड द्या, आणि अर्ध्या तासाच्या आत काम होतं.

ईएसपीतल्या तीन फाइली

इन्स्टॉल झाल्यावर आतली डिस्क अजून जोडू नका. आधी एसएसडीवरून मिंट सुरू करा आणि फाइल मॅनेजरमध्ये फाइल सिस्टीम, तिच्यात 'बूट' असं जा. मोकळ्या जागी राइट क्लिक करून 'ओपन ॲज रूट' म्हणा, पासवर्ड द्या. लाल पट्टीची खिडकी उघडेल. त्यात लहान अक्षरांतलं 'ईएफआय' फोल्डर आणि त्याच्या पोटात मोठ्या अक्षरांतलं 'ईएफआय'. इथे दोन फोल्डर दिसले पाहिजेत, 'बूट' आणि 'उबंटू'. हो, मिंट टाकलं तरी नाव उबंटूच असतं. हा ईएसपी रिकामा असेल किंवा दिसतच नसेल, तर किल्ली भलतीकडे गेली आहे असं समजा आणि आतल्या डिस्कची भानगड पुन्हा तपासा.

'बूट' फोल्डरमधली 'बूटएक्स६४' ही फाइल महत्त्वाची. अनोळखी मशीनला कुठल्याही नोंदीशिवाय बाहेरचा ड्राइव्ह दिला की ते याच ठिकाणी याच नावाची फाइल शोधतं. ती असेल तर ड्राइव्ह कुठेही चालेल.

पण तिच्या शेजारी 'एफबीएक्स६४' नावाची आणखी एक फाइल बसलेली असते. तिचं काम असं की मशीनच्या बूट यादीत लिनक्सची नोंद नसेल तर ती करून टाकायची. आपल्या स्वतःच्या लॅपटॉपवर हे सोयीचं. पण छापखान्यात ड्राइव्ह लावला की ती मालकाच्या मशीनच्या बोर्डवर 'उबंटू' अशी नोंद करते, कधी मध्येच मशीन एकदा रिस्टार्टही होतं, आणि तुम्ही ड्राइव्ह घेऊन घरी गेल्यावर मालक बायोसमध्ये ते नाव बघून फोन करतात की ताई, हे काय आलंय. त्यांचं विंडोज चालूच असतं, पण न विचारता पाहुण्याने दारावर स्वतःची पाटी लावावी तसंच हे.

तर करायचं असं. 'उबंटू' फोल्डरमधली 'ग्रबएक्स६४' फाइल 'बूट' फोल्डरमध्ये कॉपी करा, तिथे आधीच नसेल तर. आणि 'एफबीएक्स६४'चं नाव बदलून पुढे 'जुनी' जोडा, पुसू नका. आता 'बूटएक्स६४' उठली की तिला शेजारी नोंद करणारी फाइल सापडत नाही आणि ती थेट ग्रबला, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला, हाक मारते. ग्रब आपली सेटिंग 'उबंटू' फोल्डरमधूनच वाचतो, म्हणून त्या फोल्डरला हात लावायचा नाही. सिक्युअर बूट चालू असलं तरी हे चालतं, कारण दोन्ही फाइली सही केलेल्या आहेत. पुढे कधी ग्रबचं अपडेट आलं की नाव बदललेली फाइल नव्याने हजर होऊ शकते आणि आपण कॉपी केलेला ग्रब जुना राहू शकतो. अपडेट मी घरीच करते, त्यानंतर या फोल्डरमध्ये डोकावते आणि गरज पडली तर हे दोन्ही पुन्हा करते.

एखाद्या मशीनवर नोंद होऊन बसलीच असेल तर बहुतेक बायोसमध्ये बूटच्या यादीतून ती काढता येते.

आता आतली डिस्क जोडा आणि ड्राइव्ह दुसऱ्याच मशीनवर लावून बघा. भावाकडे, शेजारी, कुठेही. ज्या मशीनवर इन्स्टॉल केलं तिथे तो चालला याने काहीच सिद्ध होत नाही, कारण त्या मशीनकडे इन्स्टॉलरने केलेली नोंद आधीच आहे.

छापखान्यात गेल्यावर

मशीन नुसतं शटडाउन करायला सांगू नका, शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करायला सांगा. विंडोजचं साधं शटडाउन बऱ्याचदा पूर्ण शटडाउन नसतं. फास्ट स्टार्टअपमुळे ते अर्धवट झोपतं. शिफ्टने रिस्टार्ट केलं की निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' येतं, तिथूनच बऱ्याच मशीनवर तुमचा ड्राइव्ह निवडता येतो. हा मार्ग मला सगळ्यात आवडतो, कारण बायोसमध्ये शिरावंच लागत नाही.

ते नसेल तर बूट मेन्यूची कळ. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ१२, पण ती बायोसमध्ये आधी चालू केलेली असावी लागते. छापखान्यात बहुधा जोडून घेतलेले डेस्कटॉप असतात, त्यांच्या बाबतीत डब्यावरचं नाव नाही, मदरबोर्डचं नाव बघायचं: गिगाबाइटला एफ१२, एमएसआयला एफ११, असूसला एफ८. कळ एकदा दाबून वाट बघू नका, मशीन चालू होताच टकटक दाबत राहा.

बूट मेन्यू त्या वेळेपुरताच असतो. बायोसमधला कायमचा बूट क्रम बदलू नका आणि सिक्युअर बूट तर मुळीच बंद करू नका. मिंट सिक्युअर बूट चालू असताना चालतं. दुसऱ्याच्या बिटलॉकरवाल्या मशीनवर ते बंद केलंत तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ४८ आकड्यांची की विचारली जाईल, आणि ती कुठे आहे हे माहीत असलेला मालक मला अजून भेटायचाय.

फाइल मॅनेजरमध्ये डाव्या बाजूला त्यांची आतली डिस्क दिसेल. क्लिक करू नका. अर्धवट झोपलेल्या विंडोजच्या डिस्कवर काही लिहिलं तर तिथल्या फाइली बिघडू शकतात. देणंघेणं पेनड्राइव्हवरून करा.

आणि घड्याळ. लिनक्स बोर्डवरच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजतं. त्यामुळे तुम्ही गेल्यावर त्यांचं विंडोज साडेपाच तास मागे दिसतं. बिलिंगच्या मशीनवर असं झालं तर पावत्यांवर पहाटेची वेळ छापली जाते, मग ओरड होते. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेने 'सेट-लोकल-आरटीसी' १ करा, एकदाच. मिंट याबद्दल थोडी कुरकुर करणारा इशारा देतं, दुर्लक्ष करा. आपण भारतातच फिरतोय.

उलट बाजूचा धोकाही लक्षात ठेवा. विंडोज चालू असताना ड्राइव्ह कोणी लावला तर एन्क्रिप्ट केलेला भाग त्याला वाचता येत नाही आणि कधी कधी ते 'डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का' असं विचारतं. विचारलं म्हणून 'येस' दाबणारी माणसं प्रत्येक छापखान्यात असतात. मी केसिंगवर चिकटपट्टी लावून 'फॉरमॅट म्हणू नका' असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय.

मराठीची जुळवाजुळव

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीत मराठी इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात, वेगळं काही टाकावं लागत नाही. फॉण्ट होम फोल्डरमध्ये ठेवले की ड्राइव्हबरोबर फिरतात. कुठलाही नवा फॉण्ट घेतला की मी 'दुसऱ्या सुऱ्या' टाइप करून बघते: इन्स्क्रिप्टमध्ये 'ऱ्य'साठी शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ. 'ऱ्या' नीट जुळला नाही तर तो फॉण्ट बाद. लिब्रेऑफिस आणि स्क्रायबसमध्ये शैलीची भाषा हिंदी नाही, मराठी लावा. ज्या फॉण्टमध्ये सोय असते त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर अख्खा दिवाळी अंक हिंदी लाने निघतो आणि वाचकांची पत्रं येतात.

स्वॅपसाठी, कॅशसाठी लोक बरेच उपद्व्याप सुचवतात. एसएसडीवर त्यातलं काही करायची गरज मला वाटली नाही. चार जीबी रॅमच्या मशीनवर ब्राउझरचे टॅब कमी उघडा, एवढंच.

बॅकअप मात्र हवाच. आठवड्यातून एकदा क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने अख्खा ड्राइव्ह दुसऱ्या एसएसडीवर उतरवते. दुसरी एसएसडी तेवढीच किंवा मोठी हवी. दोन कंपन्यांच्या '५०० जीबी'त थोडा फरक असू शकतो आणि थोडी जरी लहान निघाली तरी क्लोनझिला साध्या पद्धतीने नकार देतं. आणि क्लोन झाल्यावर दोन्ही ड्राइव्ह एकाच मशीनला एकदम लावून बूट करू नका. दोघांच्या विभागांचे ओळखक्रमांक तेच असतात, त्यामुळे किल्ली एकाची आणि फाइली दुसऱ्याच्या असा घोळ होतो आणि आपण नेमकं कशावर काम करतोय ते कळत नाही.